खोळंब्याचे मोल

मराठीत ‘वाट’ या शब्दाचे दोन उपयोग आहेत. चालायची ती वाट, आणि पाहायची तीही वाटच. आपल्या सीमाभागातल्या माणसाला दोन्हींचा सारखाच सराव. उदगीरच्या स्टँडवर बिदरच्या एस.टी.ची, बिदरच्या स्टेशनवर हैदराबादच्या गाडीची, सिकंदराबादच्या फलाटावर मनमाडकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहण्यात आपल्या मागच्या दोन पिढ्यांचे किती दिवस गेले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. तो ठेवायचा असतो असेही कोणाला वाटले नाही. गाडी उशिरा आली की फलाटावरचा मराठी माणूस म्हणायचा, “आज लेट आहे.” तेलुगू माणूस त्याच्या भाषेत तेच म्हणायचा, आणि तिसरा कोणी दखनीत “थोडा सबर करो” म्हणून बिडी पेटवायचा. उशीर हा पावसासारखा होता. तो आला की भिजायचे. पावसावर कोणी फिर्याद करीत नाही.

परंतु उशीर हा खरोखर पावसासारखा असतो काय? त्याला कोणी धनी नसतो काय? आणि दुसऱ्याच्या आयुष्यातले चार तास आपल्यामुळे गेले, तर आपण त्याचे काही देणे लागतो काय? हा प्रश्न माझ्या मनात बरेच दिवस घोळतो आहे. बँकेच्या नोकरीने मला बिदर, निझामाबाद करीत करीत हैदराबादेत आणून सोडले, आणि निवृत्तीनंतर मी इथलाच झालो. मुले परगावी, भावंडे पुण्याकडे, त्यामुळे विमानतळाची ओळख म्हातारपणी वाढली. उशिराचा हा प्रश्न विमानतळावर जितका उघडा दिसतो तितका दुसरीकडे दिसत नाही. तेथे वेळ हाच विकायला ठेवलेला माल असतो. रेल्वेने बारा तास लागणाऱ्या वाटेला सव्वा तास लागावा म्हणूनच आपण जास्तीचे पैसे मोजतो. मग तोच माल मिळाला नाही तर काय?

थोडा इतिहास सांगितला पाहिजे. निझामाच्या संस्थानाची स्वतःची विमान कंपनी होती, हे नव्या पिढीला फारसे ठाऊक नसते. डेक्कन एअरवेज हे तिचे नाव. निझाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत ती १९४५ साली निघाली आणि बेगमपेठेहून तिची विमाने उडू लागली. १९५३ साली विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. त्यानंतरची चाळीस वर्षे देशातल्या देशात विमानाने जायचे म्हणजे सरकारी विमानानेच जायचे. १९९४ साली तो जुना कायदा रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना रीतसर वाट मोकळी झाली. पुढे स्वस्त तिकिटांच्या कंपन्या आल्या. २००८ च्या मार्चमध्ये बेगमपेठेची प्रवासी वाहतूक बंद होऊन ती शमशाबादच्या नव्या विमानतळावर गेली. आज भालकी, देगलूर, उदगीर, जहीराबादकडची मुले शिक्षणाला किंवा नोकरीला दूरदेशी निघाली की आईवडील जीप करून त्यांना शमशाबादपर्यंत सोडायला येतात. विमान हे आता नवाबाचे वाहन राहिलेले नाही. शेतकऱ्याच्या घरातही महिन्यादोन महिन्यांनी त्याची गोष्ट निघते.

आणि या हैदराबादच्याच एका प्रवाशाच्या तक्रारीवरून आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचा मोठा ऊहापोह केलेला आहे. ती हकीकत वाचकांनी जाणून घेण्यासारखी आहे.

१४ डिसेंबर २००७ ची पहाट. एक गृहस्थ दिल्लीहून हैदराबादला यायला इंडिगो कंपनीच्या विमानात बसले. दिल्लीवर दाट धुके होते. विमान सुटेना. पुढे कंपनीने ते उड्डाण नंतरच्या उड्डाणाला जोडले आणि प्रवाशांना सांगितले की पैसे परत घ्या, दुसऱ्या दिवशी जा, नाहीतर याच जोडलेल्या विमानाने चला. या गृहस्थांनी शेवटचा पर्याय घेतला. विमान संध्याकाळी सुटले. तोवर जवळजवळ अकरा तास ते विमानातच बसून होते. घरी आल्यावर त्यांनी हैदराबादच्या स्थायी लोकअदालतीत दाद मागितली. लोकअदालतीने दहा हजार रुपये भरपाई देवविली. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने तो निवाडा कायम ठेवला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २०११ च्या जुलैत निकाल लागला.

निकाल प्रवाशाच्या विरुद्ध गेला. न्यायालयाने म्हटले की धुके हे कंपनीच्या हातातले नव्हते, प्रवाशाला पर्याय दिले होते, कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध झालेला नाही, आणि केवळ सहानुभूतीपोटी भरपाई देता येत नाही. इथवर वाचले की आपल्याला वाटते, संपले. बलाढ्याने जिंकले. परंतु त्याच निकालात दुसरी एक गोष्ट आहे आणि माझ्या मते तीच मोठी आहे. न्यायालयाने दोन जबाबदाऱ्या वेगळ्या केल्या. उशीर कोणामुळे झाला ही एक गोष्ट. उशीर झाल्यावर अडकलेल्या माणसांची काळजी घेणे ही दुसरी. पहिलीत कंपनी निर्दोष ठरली तरी दुसरीतून ती सुटत नाही. तिकीट स्वस्तातले असो, त्यात जेवण धरलेले नसो, ठरावीक वेळेपलीकडे माणसे अडकून पडली की त्यांना अन्न, पाणी आणि शौचाची सोय ही माणुसकीच्या नात्याने द्यावीच लागते. शिवाय कंपनीच्या अटींमध्ये ‘सर्व दावे फक्त दिल्लीच्या न्यायालयांत’ असे एक कलम होते. ते दाखवून प्रवाशाला हैदराबादच्या लोकअदालतीचे दार बंद करता येणार नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. गृहस्थ हरले खरे, पण जाता जाता आपल्या सर्वांसाठी एक दार उघडे ठेवून गेले.

दोष आणि देणे यांतला हा भेद आपल्या घरी आपण न शिकता पाळतो. दारात आलेला पाहुणा पावसाने अडकला तर पाऊस आपण पाडला काय, असे आपण विचारीत नाही. त्याला आत घेतो, पंचा देतो, चहा ठेवतो. पाहुणा आपल्या छपराखाली आहे एवढेच कारण पुरेसे असते. विमानात बसविलेला माणूस तर त्याहून पराधीन. दार बाहेरून बंद, उठायचे नाही, उतरायचे नाही. ज्याने दुसऱ्याचे पाय बांधले त्याने त्याला पाणी द्यायचे, एवढा हा साधा न्याय आहे.

आता नियमांचे पाहू. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१० साली याबाबतचे नियम केले आणि पुढे ते वेळोवेळी सुधारले. २०२५ अखेर लागू असलेल्या नियमांचे सार असे की, उड्डाण रद्द झाले आणि कंपनीने वेळेवर कळविले नाही, तर तिकिटाचा परतावा किंवा दुसरे विमान द्यावे लागते, आणि शिवाय भरपाईही. एक तासापर्यंतच्या प्रवासाला पाच हजार, दोन तासांपर्यंत साडेसात हजार, त्यापुढे दहा हजार, किंवा मूळ भाडे आणि इंधन आकार मिळून जी रक्कम होईल ती, यांपैकी जे कमी असेल ते. जागेहून जास्त तिकिटे विकून तुम्हाला दारातून परत पाठविले आणि तासाभराच्या आत सुटणारे दुसरे विमान दिले नाही, तर भाड्याच्या दुप्पट किंवा चौपट, पण दहा आणि वीस हजारांच्या मर्यादेत. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास उशीर झाला की खाणेपिणे द्यायचे. सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांतले काय हवे ते प्रवाशाने ठरवायचे. चोवीस तासांहून अधिक उशीर झाला, किंवा रात्री आठ ते पहाटे तीन या वेळातले विमान सहा तासांहून अधिक खोळंबले, तर मुक्कामाची सोय कंपनीने करायची. वादळ, धुके, दंगल, संप अशी कारणे असली की पैशांची भरपाई नाही.

वाचकांच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. नुसत्या उशिराला, तो कितीही लांबो, आपल्या नियमांत रोख भरपाई धरलेली नाही. युरोपात २००४ साली कायदा झाला आणि २००५ च्या फेब्रुवारीपासून तो लागू झाला. त्यात रद्द झालेल्या विमानाला अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो भरपाई ठरविली गेली. तेथील न्यायालयाने २००८ साली सांगितले की यंत्रातला नेहमीचा बिघाड ही कंपनीच्या धंद्यातलीच गोष्ट आहे, ती दैवी आपत्ती म्हणता येणार नाही. २००९ साली आणखी एक पाऊल टाकून ठरविले की तीन तास किंवा त्याहून उशिरा पोहोचणाराही रद्द विमानाच्या प्रवाशासारखाच हक्कदार आहे. त्यामागचा विचार सरळ आहे. माणसाचा वेळ गेला तो गेला. विमान रद्द झाल्याने गेला की उशिरा सुटल्याने गेला, याने त्याला काय फरक पडतो?

येथे मला माझ्या घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. कंपनीचे नाव महत्त्वाचे नाही, म्हणून ते देत नाही.

काही वर्षांपूर्वी पुण्यात माझे थोरले बंधू, आमचे अण्णा, गेले. पहाटे दोनला फोन आला. मुलाने सकाळी सहाच्या विमानाचे तिकीट काढून दिले आणि साडेचारला मी शमशाबादला पोहोचलो. फलकावर सहाचे साडेसात झाले. साडेसाताचे नऊ. नऊचे साडेदहा. कारण विचारले तर ‘तांत्रिक’ एवढाच शब्द मिळे. नऊच्या सुमारास आम्हा सर्वांच्या हाती खाद्यपदार्थांचे एकेक कुपन ठेवण्यात आले. घरात प्रेत असताना आपल्याकडे कोणी अन्नाला शिवत नाही. मी ते कुपन शेजारच्या बाईंच्या लहान मुलाला दिले. अकराला सांगण्यात आले की हवे त्यांनी पैसे परत घ्यावेत. विमान उडाले दुपारी साडेचारला. पुण्याला मंडळींनी मला फोनवर विचारीत विचारीत साडेपाचपर्यंत वाट पाहिली. मी वैकुंठात पोहोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. पुतण्या बाकावर बसला होता. तो उठून म्हणाला, “काका, आणखी थांबता आलं नाही हो.”

हैदराबाद ते पुणे रस्त्याने साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, सोलापूर, हा रस्ता मला पाठ आहे. पहाटे पाचला मला कोणी एवढेच म्हटले असते की “हे विमान केव्हा सुटेल ते आम्हाला सांगता येत नाही,” तर मी गाडी करून दुपारी तीन-चारपर्यंत अण्णांच्या पायाशी पोहोचलो असतो. अकराला पैसे परत देऊ केले तेव्हा त्या पैशांनी घेण्यासारखे काही उरले नव्हते.

नंतर मी त्या कंपनीला पत्र लिहिले. पैसे मागितले नाहीत. एकच विचारले की हे विमान लवकर सुटणार नाही हे तुम्हाला पहिल्यांदा कधी कळले? उत्तर आले. त्यात गैरसोयीबद्दल खेद होता आणि पुढच्या प्रवासात वापरता येईल असे एक सवलतीचे व्हाउचर होते. माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

तेव्हापासून मी या गोष्टीचा विचार करतो आहे. यंत्र बिघडले हा मी गुन्हा मानीत नाही. नादुरुस्त विमान जमिनीवर ठेवणे हे तर त्यांचे कर्तव्यच होते, आणि ते त्यांनी केले. मग माझे नेमके काय गेले? दहा तास गेले, पण तेवढेच म्हणणे पुरेसे नाही. माझी निवड गेली. दीड-दीड तासाच्या हप्त्यांनी मला आशा दिली जात होती आणि प्रत्येक हप्त्यागणिक सोलापूरचा रस्ता माझ्यासाठी बंद होत चालला होता. कोणी म्हणेल, त्यांनाही ठाऊक नसेल. शक्य आहे. अंदाज चुकू शकतो, आणि चुकलेल्या अंदाजाबद्दल मी कोणाला दोषी धरणार नाही. परंतु ‘ठाऊक नाही’ हेही एक सत्यच आहे, आणि ते सांगता येते. त्याने प्रवासी पैसे परत मागतील, दुसरीकडे जातील, म्हणून ते सांगायचे नाही आणि त्याऐवजी फलकावर एक आकडा लावून ठेवायचा, ही गोष्ट वेगळी. खोटी आशा दाखवून माणसाला बसवून ठेवणे हे त्याला कोंडून ठेवण्यासारखेच आहे. फरक इतकाच की कोंडलेल्याला आपण कोंडले गेलो हे कळते.

म्हणून उशीर करणारा तीन गोष्टींचे देणे लागतो, असे मला वाटते, आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. पहिले देणे सत्याचे. त्याला पैसा लागत नाही, आणि दोष कोणाचा हेही पाहावे लागत नाही. धुके असो, बिघाड असो, जे माहीत आहे ते आणि जे माहीत नाही तेही, ताबडतोब सांगायचे. दुसरे देणे काळजीचे, म्हणजे अन्नपाणी, निवारा, म्हाताऱ्याकोताऱ्यांची विचारपूस. तेही दोष न पाहता. तिसरे पैशाचे, आणि तेथे मात्र दोष पाहायचा. आपल्याकडे क्रम उलटा झाला आहे. वाद होतो तो पैशावर, खाण्याचे कुपन मिळते नियमाच्या धाकाने, आणि सत्य शेवटपर्यंत मिळत नाही.

पैशाला मी कमी लेखतो आहे असे मात्र समजू नये. अण्णांच्या अखेरच्या दर्शनाची किंमत कोणी देऊ शकत नाही, हे खरे. परंतु भरपाई ही गेलेल्या वस्तूची किंमत म्हणून द्यायची नसतेच. जो उशीर टाळू शकतो त्याच्या वहीत तो उशीर खर्च म्हणून उमटावा, यासाठी ती असते. आज दोनशे माणसांचे दोन हजार तास वाया गेले तर ते कंपनीच्या कोणत्याच वहीत लागत नाहीत. ते त्या दोनशे घरांच्या वहीत लागतात, आणि घरांच्या वह्या कोणी तपासत नाही. बँकेत आयुष्य घालविल्यामुळे मला हे कळते की ज्या खर्चाची नोंदच होत नाही तो खर्च कमी करण्याचा प्रयत्नही कोणी करीत नाही.

पण येथे एक खाच आहे, आणि ती २०२५ च्या डिसेंबरात सर्व देशाला दिसली. त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. एकट्या ५ डिसेंबरला हजाराहून अधिक. शमशाबादलाही माणसे सामानावर डोके टेकून झोपली होती. लग्नाला निघालेली, परीक्षेला निघालेली, दवाखान्याला निघालेली. त्यामागे धुके नव्हते. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली होती आणि रात्री विमान उतरविण्याची मर्यादा आठवड्याला सहावरून दोनवर आली होती. हे नियम अचानक आलेले नव्हते. जानेवारी २०२४ मध्येच ते जाहीर झालेले होते. त्यांना पुरेल एवढी माणसे कंपनीपाशी तयार नव्हती.

तेव्हा काय झाले ते पाहा. प्रवाशांचा आक्रोश झाला आणि सरकारने त्या कंपनीला या नियमांतून काही काळ सूट दिली. परतावे देवविले, भाड्यांवर मर्यादा घातली, कंपनीने फार त्रास झालेल्यांना नियमांतल्या भरपाईशिवाय दहा हजारांची प्रवास-व्हाउचरे जाहीर केली, पुढे जानेवारी २०२६ मध्ये महासंचालनालयाने बावीस कोटींवर दंडही ठोठावला. हे सारे झाले. परंतु विमाने लगेच सुरू व्हावीत म्हणून पहिल्यांदा जे उसने घेतले ती वैमानिकाची झोप होती. माझ्या चार तासांसाठी दुसऱ्याची झोप तारण ठेवली गेली. हे देणेघेणे मला मान्य नाही. झोपेने डोळे जड झालेल्या माणसाच्या हातात माझ्या नातवंडांचा जीव देऊन वेळेवर पोहोचण्याचा हक्क मला नको आहे. म्हणून प्रवाशाचा हक्क मागताना तो कोणाकडे मागायचा हे नीट पाहिले पाहिजे. ज्याने वेळेवर माणसे नेमली नाहीत त्याच्याकडे मागायचा. ज्याला विश्रांती हवी आहे त्याच्याकडून तो वसूल करायचा नाही.

हीच गोष्ट काउंटरवरच्या मुलीची. उशीर झाला की पहिला राग तिच्यावर निघतो. मी माणसांना तिच्या अंगावर धावून जाताना पाहिले आहे. तिच्या हातात विमान नसते आणि बहुधा माहितीही नसते. वर बसलेल्यांनी तिला ढाल म्हणून पुढे उभे केलेले असते. ढालीवर वार करून कोणाला न्याय मिळत नाही.

आता एक आक्षेप माझे बिदरचे मित्र नेहमी घेतात. ते म्हणतात, “विमानवाल्यांचे लाड कशाला? आमच्या एस.टी.ला तीन तास उशीर झाला तर आम्हाला कोण दहा हजार देतो? मजूर दिवसभर तलाठ्याच्या दारात बसतो, त्याच्या रोजाचे काय?” आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मी उलटा काढतो. एकाला न्याय नाही म्हणून दुसऱ्यालाही नको, असे म्हणत गेलो तर कोणालाच मिळणार नाही. विमानाच्या प्रवाशापासून सुरू झालेला विचार खाली झिरपला पाहिजे. तो झिरपतोही आहे. राजस्थानातून जम्मूला निघालेली एक आगगाडी २०१६ साली सुमारे चार तास उशिरा पोहोचली आणि एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले. त्यांनी ग्राहक मंचाकडे तक्रार केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२१ च्या सप्टेंबरात न्यायालयाने सांगितले की उशिराचे कारण आपल्या हाताबाहेरचे होते हे रेल्वेने दाखवून दिले पाहिजे, ते दाखविता आले नाही तर भरपाई द्यावी लागेल. भरपाई कायम झाली. रेल्वेला हे लागू पडते, तर उद्या एस.टी.ला का पडू नये? आणि परवा तलाठ्याच्या दाराला?

कारण माझ्या मते या प्रश्नाचे मूळ विमानात नाहीच. कोणी कोणाची वाट पाहायची हे आपल्या समाजात अधिकारावर ठरते. साहेब पोहोचेपर्यंत सभा थांबते, सभेसाठी साहेब थांबत नाही. पैसेवाला आपला वेळ राखतो, आणि गरीब सर्व गोष्टींची किंमत वेळाने चुकवितो. दुसऱ्याला तिष्ठत ठेवणे हे मोठेपणाचे लक्षण मानण्याची आपल्याला सवय झाली आहे. ‘तुमच्या वेळेला किंमत आहे’ असे कायद्याने एखाद्या सामान्य प्रवाशाला सांगणे म्हणजे त्याला माणूस म्हणून ओळखणे होय.

सीमाभागातल्या आपल्या लोकांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. विमान दिल्लीत अडकले म्हणून दिल्लीला जावे लागत नाही. बिदरच्या माणसाने बिदरला करावी, नांदेडच्या माणसाने नांदेडला. स्थायी लोकअदालतीत हवाई वाहतुकीची तक्रार चालते आणि तिला कोर्ट फी लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. बोर्डिंग पास जपून ठेवावा, फलकावरच्या प्रत्येक बदललेल्या वेळेची नोंद करावी, आणि कारण लेखी मागावे.

दुसरी गोष्ट भाषेची. विमानतळावरची घोषणा इंग्रजीत होते, हिंदीत होते, कधी तेलुगूत होते. नियमांचे कागद इंग्रजीत असतात. मुलाला भेटायला पहिल्यांदाच निघालेली भालकीची आजी तेथे बसलेली असते. घरी ती मराठी बोलते, बाजारात कन्नड, आणि तरी त्या दालनात तिला कोणतीच भाषा येत नाही. तिला आपला हक्क कळणे दूरच, विमान सुटणार नाही हेसुद्धा सर्वांत शेवटी कळते. सत्य सांगणे हे पहिले देणे असेल, तर ते ऐकणाऱ्याला कळेल अशा भाषेत सांगणे हा त्या देण्याचाच भाग आहे. आपल्याला दोन-तीन भाषा येतात, हे सीमेवर राहिल्याचे आपले धन आहे. शेजारी अशी एखादी आजी बसलेली दिसली तर तिला काय चालले आहे ते तिच्या भाषेत सांगावे. नियम होतील तेव्हा होतील. एवढे तर आजही करता येते, आणि खोळंबलेल्या माणसाला त्या घटकेला सर्वांत जास्त त्याचीच गरज असते.